न्हाणीच्या चुलीतली दुधाची पिशवी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरातल्या कचऱ्याविषयी प्रश्न मागवले होते. पत्रं एवढी आली की सगळ्यांना जागा देणं शक्य नाही. धुराविषयीची पत्रं मी आधी घेतली आहेत, कारण त्यांतल्या काहींमागे घरातलं भांडण आहे आणि काहींमागे भीती.

हे सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी बॉयलर इंजिनियर. एकतीस वर्षं भट्ट्यांसमोर गेली, थोडी गोव्यात, बरीचशी बाहेर. त्यांतली शेवटची सात वर्षं कचऱ्यापासून केलेलं इंधन जाळणाऱ्या बॉयलरवर होतो. आता फोंडा तालुक्यात आमच्या जुन्या घरी असतो.

डिचोलीहून एका भगिनीचं पत्र : आमच्या न्हाणीत अजून चुलीवर भाण, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं मोठं भांडं, आहे. सासूबाई पहाटे चूल पेटवतात. चुडतं (माडाच्या वाळक्या झावळ्या), सोडणं (नारळाची सालं), करवंट्या यांच्याबरोबर दुधाच्या पिशव्या आणि फरसाणाची पाकिटंही आत जातात. मी नको म्हटलं की त्या म्हणतात, "शहरात कचरा जाळून वीज करतात ते चालतं, आणि मी दोन पिशव्या घातल्या तर वाईट?" त्यांना काय सांगू?

ताई, सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. तो उडवून लावू नका. प्लास्टिक जाळणं हे पाप आणि प्रकल्पात जाळणं हे पुण्य, असं काही नसतं. फरक आगीत आहे, आणि आगीनंतर धुराचं काय होतं त्यात आहे.

आमच्या घरीही भाण होतं, आजीच्या लग्नातलं, तांब्याचं. आई दर सोमवारी ते भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलांनी आणि राखेने घासायची. मी शाळेत असताना त्याच्या बुडाची काजळी भुरभुरीत असायची, बोट फिरवलं की बोटावर यायची. मग गावात पिशवीतलं दूध आलं. रिकाम्या पिशव्या न्हाणीच्या कोपऱ्यात खिळ्याला टांगलेल्या असत आणि चूल धरेना झाली की आई त्यातली एक सरकवायची. लगेच भडका उठायचा, आई खूश. वर्षा-दोन वर्षांत भाणाच्या बुडाला डांबरासारखा थर बसला. सोलांनी निघेना, काथ्याने निघेना. नखाने खरवडला की नखात अडकून राहायचा आणि दिवसभर बोटाला त्याचा वास यायचा. आईला खोकला होता, तो पहाटे चुलीपुढे वाढायचा. आम्ही त्याला थंडीचा खोकला म्हणत राहिलो. डॉक्टरांनी तो धुराचा ठरवला तेव्हा मी स्वतः भट्टीवर नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. घरातला धूर मला दिसला नव्हता, याची टोचणी अजून आहे.

तो डांबरी थर म्हणजे अर्धवट जळलेली पिशवी. दुधाची पिशवी पॉलिथीनची असते. तिच्यात मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन, म्हणजे ती पूर्ण जळली तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढंच उरायला हवं. पण पूर्ण जळायला भरपूर ताप लागतो, त्या तापात थोडा वेळ राहावं लागतं आणि हवेशी चांगली घुसळण व्हावी लागते. न्हाणीच्या चुलीत यातलं काहीच मिळत नाही. भाण पाण्याने भरलेलं असतं, त्यामुळे त्याचं बूड शंभर अंशांच्या फारसं वर जातच नाही. पिशवीची ज्वाला वर उठते, त्या थंड बुडाला आपटते आणि अर्ध्यातच विझते. जे जळायचं राहिलं ते काही बुडाला चिकटतं, बाकीचं धूर होऊन न्हाणीत पसरतं आणि सासूबाईंच्या छातीत जातं.

आता शहरातल्या भट्टीचं पाहू. आपल्या देशात घनकचऱ्याचे जे नियम २०१६ साली आले, त्यांत दोन कक्षांच्या भट्टीसाठी लिहिलं होतं की दुसऱ्या कक्षात किमान ९५० अंश सेल्सियस ताप हवा आणि धुराने तिथे किमान दोन सेकंद काढले पाहिजेत. दोन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. तुमच्या चुलीतला धूर त्याहून कमी वेळात चुलीबाहेर असतो, तोही त्या तापाच्या जवळपास न जाता. शिवाय शहरातला धूर तिथून थेट आभाळात सोडायचा नसतो, आधी तो धुवायचा असतो. ते कसं, हे मडगावच्या पत्राला उत्तर देताना सांगतो. सासूबाईंना एवढंच सांगा : तिथे धूर पकडायला भट्टीपेक्षा मोठी यंत्रं बसवलेली असतात, आपल्या न्हाणीत तो पकडायला फक्त आपली छाती आहे.

पिशवीपेक्षा वाईट गोष्टीही चुलीत जातात. गणपतीच्या मंडपाचा किंवा निवडणुकीचा जुना फ्लेक्स पावसाळ्यात लाकडांवर झाकायला घेतात आणि फाटला की तोही चुलीत घालतात. फ्लेक्सवर पीव्हीसीचा लेप असतो. रेक्झिन, वायरचं वेष्टण, जुने पाइप हेही पीव्हीसीच. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, जवळपास ५७ टक्के, क्लोरीन असतं. कमी तापाच्या धुरात कार्बन, क्लोरीन आणि थोडं तांबं एकत्र आलं की डायॉक्सिन नावाची विषं तयार होतात. म्हणूनच तांब्यासाठी वायरी जाळणं हा घरगुती जाळण्यातला सगळ्यात घातक प्रकार आहे. डायॉक्सिनमधल्या सर्वांत विषारी प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये माणसात कर्करोग करणारा पदार्थ म्हणून नोंदवलं. हे विष पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठतं, आणि माणसाच्या शरीरात गेलेलं निम्मं बाहेर पडायलाही सात ते अकरा वर्षं लागतात. आपल्या पोटात ते बहुतांश जेवणातून येतं : दूध, मांस, मासे, अंडी.

चूल बंद करा असं मी म्हणत नाही. वाळलेली सोडणं आणि करवंट्या हे चांगलं इंधन आहे, फक्त चुलीच्या वर धुराला वाट ठेवा. सासूबाईंशी वाद घालू नका. एकदा भाणाचं बूड दोघींनी मिळून स्वच्छ घासा. मग पंधरा दिवस नुसत्या सोडणांवर पाणी तापवा आणि बुडावर बोट फिरवून पाहा. पुढचे पंधरा दिवस तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही. पिशव्या धुवून, वाळवून पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्या. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा मात्र पूर्ण तोडू नका, तो हरवतो आणि गटारात जातो.

शिरोड्याहून : चुलीतली राख आम्ही माडाला आणि भाजीच्या वाफ्यात घालतो. ती घालावी का?

निव्वळ लाकडाची, चुडतांची, सोडणांची राख असेल तर जरूर घाला, तिच्यात पोटॅश असतं आणि माडाला ते हवं असतं. प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड, प्लायवुड, फ्लेक्स जळलेली राख वाफ्यात नको आणि परसातही नको. परसात गावठी कोंबड्या असतील तर आणखी जपा. कोंबडी राखेत अंग घोळते, मातीबरोबर राख टिपते, आणि जे तिच्या चरबीत जातं ते अंड्याच्या बलकात उतरतं. गावठी अंडं म्हणून आपण ते हौसेने नातवाला देतो.

म्हापशाहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र : साळगावला कचरा जाळून वीज करतात असं आमच्याकडे सगळे म्हणतात. ते खरं का? आणि मग तो कर्नाटकात जाणारा कचऱ्याचा ट्रक कसला?

सर, साळगावला वीज होते हे खरं, पण ती कचरा जाळून होत नाही. २०१६ साली तिथे प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला १०० टन होती, पुढे ती २५० टनांवर नेली. तिथे ओला कचरा वेगळा काढून मोठ्या बंद टाक्यांत कुजवतात. हवा नसलेल्या जागी जिवाणू तो खातात आणि मिथेनचा वायू सोडतात. आपल्या गोठ्यामागच्या गोबरगॅसचंच हे मोठं भावंड. तो वायू इंजिनात जळतो आणि इंजिन वीज करतं. जळतो तो वायू, कचरा नव्हे. वायूच्या ज्वालेला राख नसते, म्हणून तिथला धूर सांभाळणं सोपं जातं. दक्षिण गोव्यासाठी काकोड्यालाही असाच प्रकल्प आहे, त्याची क्षमता दिवसाला १०० टन.

ट्रकचा प्रश्न तुम्ही अचूक पकडलात. ओलं काढून घेतल्यावर जे उरतं त्यातलं पत्रा, काच, चांगलं प्लास्टिक भंगारात जातं. त्यानंतरही एक मोठा ढीग राहतो : मळकी पाकिटं, फाटक्या चपला, कापडाच्या चिंध्या, थरांचं प्लास्टिक. त्याचा कोणी दाम देत नाही. हे सुकवून, कातरून जे होतं त्याला आरडीएफ म्हणतात, कचऱ्यापासूनचं इंधन. ते घाट चढून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जातं. म्हणजे गोव्यातलं प्लास्टिक शेवटी जळतंच, फक्त आपल्या नजरेआड. हे मी मुद्दाम लिहितो आहे. गोव्यात कचरा जाळणारी मोठी भट्टी नाही म्हणून आपण सुटलो असं समजू नये.

सिमेंटची भट्टी या कामाला बरी की वाईट? माझं मत : बरीच बरी. आतल्या दगडाचा ताप साधारण १४५० अंश असतो, ज्वालेचा त्याहून पुष्कळ जास्त, आणि धूर आत बराच वेळ राहतो. आत चुनखडीच असल्याने आम्लं तिथल्या तिथे मरतात. राख वेगळी उरत नाही, ती सिमेंटमध्ये मिसळते. पण पारा तिथेही थांबत नाही, तो वाफ होऊन निघतो. म्हणून तुटलेला थर्मामीटर, ट्यूबलाइट, बटण बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नका, घरातल्या घातक वस्तू म्हणून वेगळ्या द्या. पीव्हीसी जास्त आलं तर क्लोरीनमुळे भट्टीत गठ्ठे बसतात, म्हणून सिमेंटवाले असा माल परत पाठवतात. घरी फ्लेक्स आणि दुधाची पिशवी वेगळी ठेवण्याला हा अर्थ आहे. पणजी महापालिकेने वर्गीकरण केंद्रांवर कचरा १६ प्रकारांत वेगळा करायला सुरुवात केली तेव्हा पुष्कळांना ते अति वाटलं होतं. मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

वाळपईहून एक विद्यार्थी : मी अकरावीत आहे. केळीच्या साली, भात, माशांची आतडी, नारळाचा चोथा, सगळं शेवटी सेंद्रियच आहे, म्हणजे जळणारच. मग ओला कचराही भट्टीत का घालत नाहीत? थोडं गणित सांगाल का?

बाळा, गणित विचारलंस याचा मनापासून आनंद झाला. चल, एक किलो स्वयंपाकघरातला कचरा घेऊ. त्यात सुमारे ७५० ग्रॅम पाणी असतं. उरलेल्या २५० ग्रॅम सुक्या भागातून ढोबळ मानाने १००० किलोकॅलरी मिळतात असं धर.

आता खर्च मांड. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० वर न्यायला ७० किलोकॅलरी, आणि त्याची वाफ करायला ५४० लागतात. आपलं पाणी पाऊण किलो आहे, म्हणजे साधारण ४६० इथेच गेल्या. ती वाफ भट्टीत ९५० अंशांपर्यंत तापते, त्याला आणखी तीनशेच्या वर लागतात. हाती उरल्या जेमतेम दोनशे. आणि जाळायला लागणारी हवा? तीसुद्धा थंड आत येते आणि तापूनच बाहेर जाते. तिला द्यायला काही उरतच नाही. म्हणजे ओला कचरा स्वतःच्या उष्णतेवर ९५० अंश गाठू शकत नाही. भट्टी थंड पडते, किंवा वरून डिझेल जाळावं लागतं. ताप कमी पडला की काय होतं ते वर डिचोलीच्या उत्तरात वाच.

हे देशाने पैसे मोजून शिकलेलं आहे. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रावर कचरा जाळण्याचा प्रकल्प उभा राहिला. दिवसाला ३०० टन कचरा, पावणेचार मेगावॅट वीज असा बेत होता. भट्टीला किलोमागे १४०० च्या वर किलोकॅलरी देणारा कचरा हवा होता. दिल्लीच्या कचऱ्यातून मिळाल्या ६०० ते ७००, कारण तो ओला होता आणि त्यात माती होती. प्रकल्प २१ दिवस चालला आणि बंद पडला. भट्टी डेन्मार्कच्या कचऱ्यासाठी बरोबर होती, दिल्लीच्या कचऱ्याला कोणी आधी तराजूवर ठेवलं नव्हतं. पुढे २०१६ च्या नियमांत आलं की किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा, पुन्हा वापरता न येणारा कचरा जमिनीत पुरू नये, त्यापासून ऊर्जा करावी. हा आकडा पाहिलास की तुला कळेल, तो केळीच्या सालीसाठी नाही.

गोव्यात तर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. जुलैत आपल्या परसातलं सुकं लाकूडही धरत नाही. म्हणून ओल्या कचऱ्याला टाकीतले जिवाणूच हवेत, त्यांना पाणी उडवावं लागत नाही, उलट पाणी लागतंच. माशांची आतडी मात्र एका टाकीत फार झाली की जिवाणू बिघडतात, तिथे भाजीपाला आणि भात मिसळून तोल राखावा लागतो. आणि तिसऱ्यांची कवचं ना कुजतात ना जळतात, ती वेगळीच ठेव. करून पाहण्यासारखं काही हवं असेल तर तुमच्या घरच्या एका दिवसाच्या ओल्या कचऱ्याचं वजन कर, मे महिन्याच्या उन्हात कडक वाळव आणि पुन्हा वजन कर. आकडे मला कळव.

मडगावहून एका गृहस्थांचं पत्र : २०१९ च्या मे महिन्यात सोनसोडोचा कचऱ्याचा ढीग पेटला तेव्हा आम्ही दारं-खिडक्या लावून बसलो होतो, आईला रात्री श्वास घेता येत नव्हता. आता मुलगा कोपनहेगनला आहे. त्याने फोटो पाठवला, कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाच्या छपरावर लोक घसरत खेळताहेत! तो म्हणतो, असंच गोव्यात करा. माझा विश्वास बसत नाही. उद्या असं काही इथे आलं तर आम्ही काय विचारावं? चिमणीतून पांढरा धूर येत असेल तर हवा शुद्ध समजायची का?

भाऊ, तुमच्या आईला कसं वाटलं असेल ते मी जाणतो. पेटलेला ढीग हा जाळण्याचा सगळ्यात वाईट प्रकार. आत मिथेन असतो, हवा नसते, आग आतल्या आत धुमसत राहते. पाणी मारलं की वरचं विझतं, खालचं दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूने वर येतं. कुठलीही नीट बांधलेली भट्टी त्यापेक्षा बरीच. पण ढिगापेक्षा बरी एवढं पुरेसं नाही.

मुलाने पाठवलेला फोटो खरा आहे. त्या प्रकल्पाचं नाव आमागर बाके, तो २०१७ मध्ये सुरू झाला आणि घसरायचा उतार २०१९ पासून लोकांना खुला आहे. तिथली उष्णता विजेबरोबर घराघरांत गरम पाणी पुरवायला वापरतात. थंड देशात हे दुहेरी उत्पन्न मिळतं. आपल्याला घर तापवायचं नाही, म्हणजे आपल्याकडे तो हिशेब अर्धाच बसतो.

आता धूर धुण्याविषयी. भट्टीतून निघालेला धूर आधी बॉयलरमधून जातो, तिथे त्याची उष्णता काढून घेतात. इथे एक अवघड घाट आहे. धूर साडेचारशे ते दोनशे अंशांच्या मध्ये रेंगाळला की भट्टीत मोडलेली डायॉक्सिनं राखेच्या कणांवर पुन्हा तयार होतात. म्हणून हा टप्पा झटकन ओलांडायचा असतो. मग धुरात चुन्याची भुकटी सोडतात, ती हायड्रोक्लोरिक आम्ल आणि गंधकाचं आम्ल धरते. त्याबरोबर बारीक सक्रिय कोळसा सोडतात, तो पारा आणि डायॉक्सिन शोषतो. हा कोळसा करवंट्यांपासूनही करतात, आपल्या माडाची करवंटी अशा कामाला येते याचं मला नेहमी कौतुक वाटतं. शेवटी बॅग फिल्टर. माणसापेक्षा उंच कापडी नळ्या, शेकड्यांनी टांगलेल्या. धूर कापडातून आरपार जातो आणि राख, चुना, कोळसा बाहेरच्या अंगाला चिकटतात. ठरावीक वेळाने आतून दाबलेल्या हवेचा फटकारा देतात, नळी झटकली जाते आणि राख खाली पडते. चालत्या फिल्टरजवळ उभं राहिलात तर सतत ठप्, ठप् असा आवाज येतो. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

त्या आवाजाविषयीच लिहायचं आहे. गोव्याबाहेरच्या एका कारखान्यात मी रात्रपाळीला होतो. जुलै महिना, इंधन भिजून आलेलं. ओल्या धुराने राख नळ्यांवर लापशीसारखी बसली. फटकारा मारूनही झडेना. नळ्यांच्या आतबाहेरच्या दाबातला फरक वाढत गेला, आयडी फॅनला, म्हणजे धूर चिमणीकडे खेचणाऱ्या पंख्याला, धूर ओढवेना, भट्टीतून धूर मागे यायला लागला. अशा वेळी भट्टी कमी करायची असते. पण वरून फोन आला की वीज कमी होता कामा नये, बायपास उघडा. बायपास म्हणजे फिल्टरला वळसा घालून धूर सरळ चिमणीत सोडणारा मार्ग. आम्ही तो उघडला. मी स्वतः उघडला. ठप् ठप् थांबलं. पहाटे सव्वाचारपर्यंत, म्हणजे तीन तास वीस मिनिटं, सगळी राख वस्तीवर गेली. सकाळी शेजारच्या वाडीतल्या बायका दोरीवरचे कपडे घेऊन फाटकाशी आल्या. एका लहान मुलाच्या पांढऱ्या झबल्यावर करडे ठिपके होते, आणि पाण्याने ते पसरत होते. मी लॉगबुकमध्ये वेळ लिहिली होती. मला ते पान पुन्हा लिहायला सांगितलं. मी लिहिलं नाही, महिन्याभरात माझी दुसऱ्या खात्यात बदली झाली. यंत्र चांगलं होतं, कागदावर सगळी मानकं पाळलेली होती. त्या रात्री ते यंत्र चालू नव्हतं, एवढंच.

म्हणून कुठल्याही प्रकल्पाच्या सुनावणीला गेलात तर पहिला प्रश्न हा विचारा : बायपास आहे का, आणि असेल तर वर्षात किती तास उघडला याची नोंद लोकांना दिसेल का? माझ्या मते चिमणीच्या उंचीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. दुसरा, धूळ, हायड्रोक्लोरिक आम्ल, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड यांची सतत होणारी मोजणी फाटकावरच्या फलकावर दाखवणार का? २०१६ च्या नियमांत धुळीची मर्यादा घनमीटरमागे ५० मिलिग्रॅम होती. डायॉक्सिनची ०.१ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचाही दहावा हिस्सा. डायॉक्सिन सतत मोजता येत नाही असं धरूनच चाला. त्यासाठी सहा ते आठ तास धूर गोळा करून प्रयोगशाळेत १७ प्रकारचे रेणू तपासावे लागतात. तो नमुना कुठल्या दिवशी घेतला, त्या दिवशी कचरा कसा होता, हे विचारा. कोरड्या जानेवारीतला नमुना पुरेसा नाही, जुलैतला मागा.

आणि राख. शंभर किलो कचरा जाळला तर वीस-पंचवीस किलो राख भट्टीच्या तळाशी उरते. ती तपासून काही ठिकाणी रस्त्याच्या भरावात वापरतात. फिल्टरखालची राख मात्र थोडी पण विषारी, कारण धुरातून जे जे काढलं ते सगळं तिच्यात आहे. फिल्टर जितकं चांगलं तितकी ती राख वाईट. ती कुठे जाणार, कुठल्या वाहनातून, झाकून की उघडी, हे लेखी मागा.

पांढऱ्या धुराचं सांगतो. चिमणीच्या तोंडाशी हवा स्वच्छ दिसते, थोड्या वर पांढरा ढग सुरू होतो आणि काही अंतरावर पार विरघळून जातो, ती वाफ. तोंडापासूनच रंग असेल, करडा, पिवळट किंवा निळसर, आणि वाफ विरली तरी एक पट्टा लांबवर तरंगत राहत असेल, तो धूर. पहाटे, सूर्य चिमणीच्या मागे असताना पाहा, तेव्हा हा फरक नीट दिसतो. पण डायॉक्सिनला आणि पाऱ्याच्या वाफेला रंग नाही. डोळ्याने फक्त ढोबळ गैरकारभार पकडता येतो. तोही पकडा, फोटोवर वेळ आणि तारीख टाका, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.

मुलाला कळवा की छपरावर घसरता येईल इतका विश्वास त्या शहराने फिल्टर रोज चालू ठेवून मिळवला आहे. आणि तिथला कचरा भट्टीत जाण्याआधीच बराचसा वेगळा झालेला असतो, हेही तो फोटो दाखवत नाही.

पर्वरीहून : शेजारी रोज सकाळी पातेरा पेटवतात. सगळा धूर आमच्या खोलीत येतो, लहान मुलीला दमा आहे. बोललं तर म्हणतात, "पानंच तर आहेत, डास जातात." काय करावं?

पानांच्या धुरातही सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड असतं, दम्याच्या मुलीला ते नक्की बाधतं. सकाळी हवा जड असते, धूर वर न चढता अंगणाच्या उंचीवर पसरतो, म्हणून तुमच्याकडे एवढा येतो. शिवाय झाडलेल्या पाचोळ्यात पाकिटं आणि पिशव्या हमखास असतात.

कायद्याची बाजू अशी : राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये भरपाई ठरवली. तक्रार पंचायतीकडे करता येते. पण रोज समोरासमोर राहायचं आहे, तेव्हा आधी मुलीला घेऊन त्यांच्याकडे जा आणि तिचा पंप दाखवा. मी हे आमच्या वाड्यावर करून पाहिलं आहे, माझ्या नातवाला घेऊन. शेजारच्या काकांनी त्याच दिवशी पेटवणं बंद केलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

मग पानांचं काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न असेल, त्याला उत्तर घेऊनच जा. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, आपल्या आजोबा-पणजोबांनी पाला कधी जाळला नाही, तो पोफळींच्या बुडाशी जायचा. अंगणात एखादा माड असेल तर त्याच्या आळ्यात वीतभर जाडीचा पाला पसरा, वरून शेणकाला शिंपडा. माड नसेल तर कुंपणाच्या कोपऱ्यात चार खांब रोवून मासे पकडायच्या जुन्या जाळ्याने वेढा, त्यात पाला दाबत जा आणि आठवड्यातून एकदा पाणी मारा. आंबा-फणसाची जाड पानं उशिरा कुजतात, ती आधी पायाने तुडवून घ्या. पाला नेहमी ओलसर ठेवा पण पाणी साचू देऊ नका, म्हणजे डासांचीही तक्रार राहणार नाही. ऑक्टोबरात तळाचा भाग काढून पाहा, काळाभोर आणि मातीसारखा वास येणारा असेल तर तो झाला. दोन घमेली त्यातली शेजाऱ्यांना नेऊन द्या.